मोठ्या माशाला बक्षीस नको, एकूण वजनाला द्या

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्या पेपरात आमच्या भागातल्या एका तलावावर झालेल्या गळाच्या स्पर्धेची छोटी बातमी आली होती, फोटोसकट. सगळ्यात मोठा मासा काढेल त्याला पहिलं बक्षीस, आणि एका भाऊंनी हा एवढा कटला दोन्ही हातांत धरलाय. मग दोन-चार दिवसांनी वाचकांच्या पत्रांत एका काकांनी लिहिलं की ह्यात खेळ कसला, गळ टाकून बसायचं आणि ज्याचं नशीब त्याचा मासा, असल्या रिकामटेकड्या उद्योगाला पेपरात जागा कशाला. मी मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातला, आता बरीच वर्षं इंग्लंडात लेस्टरला असतो, इथल्या एका अँग्लिंग म्हणजे गळाने मासे धरायच्या क्लबच्या मॅचेस खेळतो आणि क्लबची पोरं शिकायला येतात तेव्हा कोचच्या हाताखाली मदत करतो, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना. गंमत अशी की काकांचं म्हणणं त्या स्पर्धेपुरतं बरोबर आहे. खेळाबद्दल मात्र साफ चूक आहे. आणि ह्या दोन्हीच्या मधे जे आहे ते म्हणजे बक्षिसाचा नियम, त्यावरच मला बोलायचंय.

सगळ्यात मोठ्या माशाला बक्षीस ठेवलं की काय होतं बघा. शंभर जण काठावर बसतात, जाडजूड दोरी, मोठा गळ, त्यावर लिंबाएवढा कणकेचा गोळा, आणि मग फक्त वाट बघायची. कुणाच्या तरी गळाला मोठा धूड लागणारच, पण तो अमक्यालाच का लागला ह्याचं उत्तर त्या अमक्याकडेही नसतं. ही लॉटरीच झाली, काका बरोबर. आता तेच शंभर जण, तोच तलाव, फक्त नियम बदला, ठरलेल्या वेळात ज्याच्या सगळ्या माशांचं मिळून वजन जास्त तो जिंकला. झालं, आता नुसतं बसून चालत नाही. बोटाएवढा मासा पण मोजला जाणार, म्हणजे प्रत्येक मिनिटाला हिशोब आला, बारीक मासे पटापट काढू का मोठ्यांसाठी जागा तयार करू, किती चारा टाकू, किती लांब टाकू, आत्ता बदलू का अजून दहा मिनिटं थांबू. इथे मॅच फिशिंग म्हणतात ते हे.

थोडं इथल्या पद्धतीबद्दल सांगतो कारण तिकडे फार कुणाला माहिती नाहीये. इंग्लंडात ट्राउट आणि सामन सोडून बाकी गोड्या पाण्यातल्या माशांचा, म्हणजे कार्प, रोच, ब्रीम, पर्च, टेंच ह्यांचा हा खेळ. पूर्वी सगळ्या मोठ्या मॅचेस नद्यांवर आणि कालव्यांवर व्हायच्या, आता बहुतेक फिशरीवर होतात. फिशरी म्हणजे खोदलेली तळी, बऱ्याच ठिकाणी शेतकऱ्यांनीच शेतीला जोडधंदा म्हणून खोदलेली, त्यात मासे सोडलेले आणि काठावर ठराविक अंतरावर बसायच्या जागा बांधलेल्या, त्या जागेला पेग म्हणतात. वॉरिकशायरमधलं टनेल बार्न फार्म, डॉनकास्टरच्या बाजूचं लिंडहोम लेक्स, वूस्टरशायरमधलं लारफर्ड लेक्स ही त्यातली नावाजलेली. सकाळी सगळे जमले की पेगच्या नंबरची चिठ्ठी उचलायची, जो नंबर येईल तिथे सामान घेऊन जायचं, तयारीला तास-दीड तास, मग शिट्टी वाजली की सगळ्यांचे गळ एकदम पाण्यात आणि पाच-सहा तासांनी शिट्टी वाजली की बंद. पकडलेले मासे पाण्यात सोडलेल्या लांब जाळीच्या पिशवीत, म्हणजे कीपनेटमध्ये, जिवंत ठेवायचे. शेवटी काटा घेऊन माणसं प्रत्येक पेगवर येतात, वजन होतं, पौंड-औंसात कागदावर चढतं आणि मासे परत पाण्यात. एकही मासा घरी जात नाही. माझ्या आईला हे अजून पटलेलं नाही, दिवसभर बसून मासे धरले आणि सोडून आलास म्हणजे तू नक्की काय केलंस असं ती दर वेळी फोनवर विचारते.

चिठ्ठीत नशीब आहे की, ते कोण नाकारतंय. कोपऱ्यातला शेवटचा पेग मिळाला की एका बाजूला शेजारी नसतो, मासे तिकडे सरकतात, फायदा होतो. वारा कुठून आहे त्यावरही असतं, उन्हाळ्यात कोमट वारा ज्या काठावर येऊन आपटतो तिकडे बरेचदा मासे जमतात, थंडीत उलटं, वाऱ्याच्या आडोशाला. पण ह्याच्यावर उपाय काढलेला आहे, तळ्याचे भाग पाडतात, त्याला सेक्शन म्हणतात, आणि आपल्या सेक्शनमध्ये पहिला आला त्याला वेगळं बक्षीस, म्हणजे वाईट बाजूला बसलेल्यालाही शेवटपर्यंत खेळायला कारण राहतं. वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये तर हे अजून कडक. टीममध्ये पाच जण, पाच सेक्शन, प्रत्येक सेक्शनमध्ये प्रत्येक देशाचा एक माणूस, पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, असं करत ज्या टीमची बेरीज सगळ्यात कमी ती जिंकली. दोन दिवस, दोन वेळा चिठ्ठी. एकाने डोंगराएवढे मासे काढून उपयोग नाही, पाचातला एक जरी ढेपाळला तरी टीम गेली.

आणि आता काकांना एवढंच विचारायचंय की हे सगळं नशीब असेल तर इंग्लंडचा अॅलन स्कॉथॉर्न पाच वेळा वर्ल्ड चॅम्पियन कसा झाला? १९९६, १९९७, १९९८ सलग तीन वर्षं, मग २००३, मग २००७. दर वेळी वेगळं पाणी, बसायची जागा चिठ्ठीने. इंग्लंडचाच बॉब नड चार वेळा, १९९० आणि ९१, मग ९४, मग ९९. लॉटरी पाच वेळा लागलेला माणूस मी तरी बघितलेला नाही, लागली तर पोलीस येतील.

इंग्लंडच्या टीमची गोष्टही ह्याच मुद्द्याची आहे. इथे गल्लीबोळात मॅचेस व्हायच्या, एकेकट्याने वर्ल्ड चॅम्पियन झालेले लोक होते, १९७५ ला इयान हीप्स, १९८१ ला डेव्ह थॉमस, १९८२ ला केविन अॅशर्स्ट, पण टीमचं सोनं काही येत नव्हतं. ते पहिल्यांदा आलं १९८५ साली, इटलीत फ्लॉरेन्सला आर्नो नदीवर, डिक क्लेग मॅनेजर असताना. माणसं तशीच होती हो, बाजूला बसून शिकवणारा, सराव करून घेणारा आणि एकाला कळलेलं पाचांना सांगायला लावणारा माणूस आला हा फरक. हा खेळ मुळात एकेकट्याचा, जो तो आपली युक्ती खिशात ठेवून असतो, त्यामुळे माझ्या मते हेच सगळ्यात अवघड काम.

आता शिकवण्याबद्दल, कारण खरा मजा तिथेच आहे आणि तिकडे कुणी हे करतच नाही. आपल्याकडे पोरगं मामाच्या नाहीतर शेजारच्या दादाच्या मागे ओढ्यावर जातं, बघून बघून शिकतं, चांगलंच आहे ते, पण दादाला जेवढं येतं तेवढ्यावरच थांबतं.

इथे नवीन पोराच्या हातात आम्ही पहिल्यांदा रीलवाला रॉड देतच नाही. चार मीटरची हलकी काठी द्यायची, टोकाला दोरा बांधलेला, रील नाही काही नाही, आपल्या गावाकडच्या बांबूच्या काठीची सख्खी बहीण. पण गळाला आमिष लावायच्या आधी गळाला एक छोटं वजन अडकवून पाण्याची खोली मोजायला लावतात. फ्लोट, म्हणजे दोऱ्यावरचा पाण्यावर तरंगणारा खुंट, बुडाला तर खोली जास्त आहे, आडवा पडला तर कमी, असं करत करत तळ कुठेय ते बोटाच्या पेराएवढ्या फरकाने शोधायचं, मग एक हात उजवीकडे, एक हात डावीकडे, अजून थोडं पुढे. पोरं कंटाळतात. मासा कधी मासा कधी करतात. पण अर्ध्या तासात त्यांना न दिसणाऱ्या पाण्याखालची जमीन डोक्यात दिसायला लागते, इथे उतार आहे, इथे सपाट आहे, उताराच्या पायथ्याशी चारा जमून राहील, आणि हे एकदा आलं की पुढचं सगळं सोपं जातं.

मग चारा टाकणं. हेच ह्या खेळाचं निम्म्याहून जास्त आहे असं माझं स्पष्ट मत आहे, मासा ओढून काढणं हे तर कुणालाही जमतं. इथे माशीच्या पांढऱ्या-लाल अळ्या दुकानात पाइंटच्या मापाने विकत मिळतात (हो, घरच्या फ्रीजमध्येच ठेवाव्या लागतात, बायको काय बोलते ते इथे छापण्यासारखं नाही), शिवाय मक्याचे दाणे, पेलेट म्हणजे माशांच्या खाद्याच्या गोळ्या. नियम एकच, थोडं थोडं आणि सारखं. गळ टाकला की पाच-सहा अळ्या त्याच जागी, मासा आला, परत गळ, परत पाच-सहा अळ्या. नवीन पोरगं काय करतं, मासा येईना की मूठभर ओततं. आणि तिथेच कोच विचारतो, आता हे परत काढून घेता येईल का? नाही येत. टाकलेला चारा पाण्यातून काढता येत नाही, पोट भरलेला मासा गळाला तोंड लावत नाही, आणि उन्हाळ्यात कार्प असतील तर ते चाऱ्यावर एवढी गर्दी करतात की फ्लोट नुसता नाचत राहतो, पोरगं दर वेळी झटका मारतं आणि गळ माशाच्या पाठीत नाहीतर शेपटीत अडकतो, मासाही जखमी आणि वेळही गेला. चांगला कोच उत्तर सांगत नाही, मागे उभा राहून विचारत बसतो, शेवटचा मासा कधी आला, तेव्हा किती टाकलं होतंस, आता किती टाकतोयस, शेजारच्याला काय लागतंय. मला सुरुवातीला ह्याचा राग यायचा, सांग ना बाबा सरळ, पण आमच्या क्लबच्या मॅचमध्ये कोचला बाजूला उभं राहून सांगता येत नाही, तेव्हा हे प्रश्न पोराने स्वतःलाच विचारायचे असतात.

गेल्या उन्हाळ्यातली पोरांची मॅच सांगतो. एका मुलाला सुरुवातीलाच तीनेक किलोचा कार्प लागला, सगळे टाळ्या वाजवायला लागले आणि तो तिथून पुढे दुसरा कार्प यायची वाट बघत बसला, दोन तास. त्याच्या शेजारच्या पेगवर एक बारा वर्षांची मुलगी, तिच्याकडे कार्प फिरकलेच नाहीत, ती छोट्या काठीने बोटभर रोच आणि तळहाताएवढे ब्रीम काढत राहिली, काढ, जाळीत सोड, पाच अळ्या, काढ, सोड, पाच अळ्या, मान वर नाही. काट्यावर तिच्या माशांचं वजन चार किलोच्या वर गेलं. मोठ्या माशाचा नियम असता तर पहिल्या दहा मिनिटांतच मॅच संपली होती आणि त्या मुलीने तीन तास केलेल्या कामाला शून्य किंमत होती. म्हणून म्हणतो की नियम काय ठेवता त्यावर पोरं काय शिकणार ते ठरतं.

आणि इथे पोरांना शिकवणं म्हणजे आला कोणीही आणि बसला असं नसतं. अँग्लिंग ट्रस्ट म्हणून संस्था आहे, तिचे लायसन्स असलेले कोच असतात, त्यांना कोर्स करावा लागतो, फर्स्ट एड, मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण, गुन्ह्याचा रेकॉर्ड नाही ना ह्याची सरकारी तपासणी. तेरा वर्षांपासून पुढे गळ टाकायला रॉड लायसन्स लागतं, तेरा ते सोळा वयाच्या मुलांना ते फुकट मिळतं पण काढावं लागतं. गळ बहुतेक फिशरीवर काटा नसलेला म्हणजे उलट्या टोकाशिवायचाच चालतो, मासा पटकन आणि जखम न होता सुटतो. फ्लोटच्या खाली लावायची बारीक शिशाची वजनं १९८७ पासून बंद झाली कारण काठावर पडलेलं शिसं खाऊन हंस मरत होते. हे आपल्याकडे पहिल्या दिवसापासून करता येईल, बदकं-बगळे आपल्याकडेही आहेतच.

इथलं सगळं उचलून तिकडे न्या असं मी अजिबात म्हणत नाहीये. कीपनेट तर नकोच. उन्हाळ्यात पाणी गरम झालं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो, इथेसुद्धा उष्णतेची लाट आली की फिशरीवाले कीपनेट बंद करतात, मग आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये चाळीस डिग्रीत मासे पाच तास जाळीत कोंबणं म्हणजे मारून टाकणंच. त्यातून कटला हाताळणीला नाजूक. त्यापेक्षा चार-पाच स्पर्धकांमागे एक माणूस काटा आणि वही घेऊन उभा करा, मासा आला, ओल्या पिशवीत वजन केलं, लिहिलं, लगेच सोडला. कॉलेजची पोरं हे काम आनंदाने करतील. स्पर्धा पावसाळा संपल्यावर, थंडीच्या सुरुवातीला, सकाळच्या तीन तासांत उरका.

पाणी आपल्याकडे काय कमी आहे का राव. गावोगावी तलाव, त्यातले कितीतरी मच्छीमार सोसायट्यांनी ठेक्याने घेतलेले, रोहू-कटला-मृगळचं बीज सोडलेलं. आता सोसायटीवाले म्हणणार आमचे मासे तुम्ही का धरता, आणि ते बरोबरच आहे, त्यांचं पोट आहे त्यावर. पण मोठ्या माशाच्या स्पर्धेत तो मासा कुणाच्या तरी घरी शिजतो, वजनाच्या स्पर्धेत सगळे मासे सोसायटीच्याच पाण्यात परत जातात आणि वर प्रवेश फीचा वाटा सोसायटीला मिळतो. इथल्या फिशरीवाल्यांचा धंदा ह्यावरच चालतो, तोच मासा ते वर्षभर पुन्हा पुन्हा भाड्याने दिल्यासारखा देतात. सोसायटीला विचारल्याशिवाय, त्यांना पैसे दिल्याशिवाय स्पर्धा घेऊच नयेत असं माझं म्हणणं आहे, आणि काट्यावरची माणसं त्यांचीच ठेवावीत, त्यांच्याइतका मासा कुणाला कळतो.

शिकवायला पण आपल्याकडचं पाणी इथल्यापेक्षा भारी आहे. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाला, हे प्रत्येक मत्स्यशेतीवाल्याला तोंडपाठ असतं पण गळवाल्यांनी कधी वापरलेलं मी बघितलं नाही, ते सगळे तळालाच टाकून बसतात. एकाच पेगवर फ्लोटची खोली तीन वेळा बदलून तीन प्रकारचे मासे काढायचा सराव इथल्या पोरांना असा सहज मिळत नाही. शेंगदाण्याची पेंड, भाताचा कोंडा, कणीक, गांडूळ, आमिषाला एक रुपया बाहेर घालवायची गरज नाही. मुंबईत पवई तलावावर अँग्लिंगवाल्यांची जुनी संघटना आहे, अशा जाणत्या लोकांपैकी कुणाला बोलवून जिल्ह्याच्या ठिकाणी दोन दिवसांचं शिबिर घेतलं तरी सुरुवात होईल. फक्त शिबिर आधी आणि स्पर्धा नंतर. आपल्याकडे उलटं होतं, आधी बॅनर, आधी पाहुणे, आधी ट्रॉफी, आणि स्पर्धकांना नियम त्या दिवशी सकाळी माईकवरून कळतात.

एक राहिलं, तुमच्या बातमीच्या फोटोत मागे काठावर बारकी पोरं उभी दिसतायत, चिखलात, पाण्याला अगदी लागून, एकाच्याही अंगात लाइफ जॅकेट नाही. तलावाचा काठ कुठे एकदम खोल जाईल सांगता येत नाही. पोहता न येणाऱ्या पोराला जॅकेटशिवाय काठावर सोडायचं नाही आणि स्पर्धेच्या वेळी एक होडी आणि दोन पोहणारे तयार ठेवायचे, हे नियमात सगळ्यात वर लिहायला हवं, वजनाच्याही वर.

मी ह्या सगळ्याचा मराठीत एक पानी नियमांचा कागद करून ठेवलाय, चिठ्ठी कशी काढायची, सेक्शन कसे पाडायचे, वजन कसं लिहायचं, बरोबरी झाली तर काय. तुमच्या बातमीदाराकडे त्या स्पर्धेच्या आयोजकांचा नंबर असेलच. पत्र छापायला जागा नसली तरी हरकत नाही, पण तो कागद मी ईमेलने पाठवतो, तेवढा त्यांच्यापर्यंत पोचवा, पुढच्या स्पर्धेची तारीख ठरायच्या आत.

आपला,
लेस्टरमधला एक वाचक